पाण्याखालचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करावेत का?

रावपुरा_लेन्स
माझं मत आधीच सांगून टाकतो, फ्लॅश न वापरता पंधरा-वीस मीटर खोल काढलेला फोटो ब्लॅक अँड व्हाइटच करावा. पाणी सगळ्यात आधी लाल रंग खातं, पहिल्या पाच-सहा मीटरमध्येच बराचसा लाल जातो, मग नारिंगी, मग पिवळा, आणि खाली उरतो निळा-हिरवा. जो रंग कॅमेऱ्यापर्यंत पोचलाच नाही तो स्लायडर ओढून आणणार कुठून? लाल चॅनल, म्हणजे फाइलमधला फक्त लाल रंगाचा भाग, ताणला की नुसते दाणे येतात. परवा आमच्या बडोद्याच्या ग्रुपवर एकाने अंदमानच्या स्टिंग रेचा, म्हणजे लांब शेपटीच्या चपट्या माशाचा, फोटो टाकला, रंग सुधारता सुधारता वाळू पार गुलाबी झालेली. मी त्याच्याकडून मूळ फाइल मागून घेतली, रंग काढला, निळा खाली आणला, तर मागचं पाणी काळं पडलं आणि पंखांची कड, शेपटीची रेघ, वाळूवर पाण्याने उमटवलेल्या बारीक वळ्या, सगळं सुटं दिसायला लागलं. त्या फोटोत खरं जे होतं ते हेच, आकार आणि उजेड. आपल्याच बडोद्याचे चित्रकार-छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी गावोगावच्या भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपल्यात, ते फोटो बघताना काही कमी पडतंय असं वाटतं का कोणाला?

प्रवाळवेडी
दादा, मला अजिबात नाही पटलं. समुद्रात रंग म्हणजे माहिती असते. पाणी जास्त दिवस तापलं की प्रवाळ आपल्या अंगात राहणारी शैवालं बाहेर टाकतं, रंग बराचसा त्या शैवालांचाच, म्हणून ते पांढरंफटक पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला हे झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये तर जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग, म्हणजे हेच पांढरं पडणं, जाहीर झालं. तुमच्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये फिकट पिवळं धडधाकट प्रवाळ आणि मरायला टेकलेलं प्रवाळ दोन्ही सारखीच उजळ दिसणार, मग बघणाऱ्याला कळायचं कसं? १९२६ मध्ये फ्लोरिडाजवळ तराफ्यावर मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड केला आणि पाण्याखालचे पहिले रंगीत फोटो काढले, त्यातला हॉगफिश माशाचा प्रसिद्ध आहे. लोकांनी रंगासाठी एवढा खटाटोप केला आणि आपण हातातला रंग फेकून द्यायचा? फ्लॅश घ्या ना.

जुना_डार्करूमवाला
मी ब्लॅक अँड व्हाइटच्याच बाजूचा, पण पाण्यात तरंगणारा कचरा फ्लॅशने चमकून फोटोभर ठिपके आले की लोक रंग काढून टाकतात ते मला खटकतं. काळ्या पाण्यावर ते ठिपके उलट जास्त उठून दिसतात, आणि फोकस हुकलेला फोटो रंग काढल्याने सुधारत नाही. लुई बुताँ या फ्रेंच माणसाने १८९३ पासून पाण्याखाली फोटो काढले तेव्हा रंगाचा पर्याय नव्हता, आपल्याला आहे, म्हणून रंग काढायला कारण पाहिजे. करायचंच तर हिरव्या चॅनलमधून करा, खोलवरच्या फाइलमध्ये लालात काही नसतं आणि निळ्यात पाण्याचा धुरकटपणा जास्त.

रावपुरा_लेन्स
ताई, फ्लॅशचा उजेड पाण्यात जेमतेम दीड-दोन मीटर पोचतो. एखादा मासा जवळून घ्यायला ठीक, पण बुडालेलं अख्खं जहाज किंवा लांबून चाललेला माशांचा थवा त्यात कसा बसणार? आणि अंदाजाने रंग दुरुस्त केलेला फोटो पुरावा कसला, पांढरं पडलेलं प्रवाळसुद्धा त्यात गुलाबी दिसू शकतं, ते तर जास्त धोक्याचं. माझ्या ब्लॅक अँड व्हाइटमध्ये निदान खोटा रंग तरी नसतो.

प्रवाळवेडी
अंदाजाने करायचंच कशाला? पांढरी पाटी बरोबर न्यायची, प्रवाळाशेजारी त्याच खोलीवर धरून व्हाइट बॅलन्स घ्यायचा, म्हणजे पांढरं काय ते कॅमेऱ्याला दाखवायचं, रॉ म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल जपायची आणि फोटोखाली खोली लिहायची. जहाजाचं तुमचं मान्य, थव्याचंही, तिथे आकारच महत्त्वाचा. पण प्रवाळाचं नाही. आणि सगळं काही वीस मीटरवर नसतं, आपल्याच गुजरातेत जामनगरजवळ पिरोटन बेट आहे, १९८२ पासूनच्या मरीन नॅशनल पार्कातलं, परवानगी काढून गेलं की ओहोटीला गुडघाभर पाण्यात प्रवाळ बघायला मिळतं, तिथे पाण्याने लाल खाल्ला हे कारण चालत नाही. तिथले फोटो तरी रंगीतच ठेवा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

जुना_डार्करूमवाला
पाटी करडी असली तर आणखी बरं, उथळ पाण्यात ऊन असलं की पांढरी पाटी फोटोत जळून जाते, म्हणजे अति उजेडाने कोरी दिसते, आणि माप चुकतं.