ती बाई म्हणजे कारागीर नव्हे

एका जुन्या फ्रेंच चांदीच्या चमच्याचा फोटो टाकून कुणीतरी कारागीर कोण असं विचारलंय, आणि दांड्यावरच्या शिरस्त्राणवाल्या बाईच्या छापावरून ‘हाच कारागिराचा शिक्का’ असं ठरलेलं दिसतंय. तसं नाही. ती रोमन देवी मिनर्व्हा, म्हणजे फ्रान्सचा सरकारी हमीचा ठसा, 1838 पासूनचा. कपाळासमोर 1 असेल तर 1973 पूर्वीच्या वस्तूत चांदी हजारी 950, हनुवटीखाली 2 असेल तर 800. त्यावरून कस कळतो, बनवणारा नाही.

कारागीर शोधायचा तर शंकरपाळ्याच्या आकाराचा बारीकसा ठसा बघा. 1797 च्या कायद्यापासून चांदीकामाला हाच आकार सक्तीचा आहे आणि आत नावाची आद्याक्षरं व एखादं चिन्ह असतं. नुसत्या अक्षरांवर विसंबू नका, तीच दोन अक्षरं डझनभर लोकांची निघतात. खरी ओळख चिन्हात असते: पॅरिसच्या चांदीकारांपैकी एमिल प्युफोर्काच्या ‘ई पी’सोबत चाकू, ओदियोकडे तेलाचा दिवा. ठसा चौकोनी असेल तर मात्र बहुधा नुसता मुलामा, घाईने पैसे मोजू नका.

फोटोत चमक फार आहे, काही वाचता येत नाही. ठशावर मेणबत्तीची काजळी धरा, चिकटपट्टीने उचला आणि पांढऱ्या कागदावर चिकटवा. मग दहापट भिंगातून बघा. मी एकदा ठसा उलटा धरून ‘एम’चा ‘डब्ल्यू’ वाचला आणि दोन संध्याकाळी भलत्याच घराण्यात शोधत बसलो!

आणि मिनर्व्हाच्या बरोब्बर मागच्या बाजूला किड्यांसारखी बारीक नक्षी दिसली तर ओरखडा समजून घासू नका. ठोकताना खालच्या कोरीव ऐरणीची ती उमटलेली खूण आहे.