बाराव्या थराचा ब्लॉक बसत नाही: ऑफिसकडे नेमकं कसलं ड्रॉइंग मागू?

साईटवाला_नाशिक:
सात मजली इमारत, भिंती एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या). स्लॅब ते स्लॅब २९००, बीम ४५० चा, म्हणजे भिंतीला २४५० मिमी. ब्लॉकची उंची २००, केमिकलचा (ब्लॉक चिकटवायच्या तयार मसाल्याचा) सांधा ३. बारा थर सरळ बसायला हवेत, पण बाराव्या थराचा एकेक ब्लॉक करवतीने कापतोय. दोन मजल्यांच्या चकत्यांचा ढीग जिन्यात पडलाय.

ड्रॉइंगवर प्लॅन आहे, जाडी आहे आणि कोपऱ्यात टीप: 'सर्व बांधकाम १:६ मसाल्यात, विटा २४ तास भिजवून'. मिस्त्रीने ती खरी मानून पहिल्या मजल्याचे ब्लॉक हौदात टाकले. आता गिलाव्यावर केसासारख्या भेगा. सुधारित ड्रॉइंगमध्ये काय काय मागू?

जुना_ट्रेसर:
आधी बाराचं गणित. स्लॅब खाली-वर असतो, म्हणून तळाचा थर केमिकलवर नाही, मसाल्यावर बसतो. त्याचे २० धरा. २० + २४०० + अकरा सांध्यांचे ३३ = २४५३. झाले की तीन जास्त! वर बीमखाली १५-२० मोकळे सोडायचे ते वेगळेच. बीम थोडा वाकतो. भिंत त्याच्या पोटाला ठोकून बसवली की भार तिच्यावर येतो आणि ती तडकते. ती फट सगळ्यात शेवटी भरायची.

हे प्लॅनमध्ये कधीच दिसणार नाही, कारण प्लॅन म्हणजे आडवी कापलेली भिंत. तुम्ही मागा भिंतीचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारी उभी भिंत, थर मोजून, प्रत्येक थराला नंबर घालून. १०० च्या भिंतीत सिल (खिडकीखालची) आणि लिंटेलच्या (दार-खिडकीवरची) काँक्रीट पट्ट्याही त्यातच दाखवायला सांगा. त्यांची जाडी तुमच्या हातात असते, ब्लॉकची नसते.

टिपेबद्दल मिस्त्रीला बोलू नका. मी ३१ वर्षं ट्रेसिंगवर रेघा ओढल्यात. जुन्या कामाची टीप नव्यावर डकवायची खोड आमच्याच जमातीची. एएसी पाणी पितो आणि वाळताना आकसतो. वरून ओला ब्रश फिरवला की पुरे.

आणि दरवाजा ९०० लिहिलाय, तो कशाचा? चौकटीच्या आतला की बांधकामातल्या गाळ्याचा, म्हणजे चौकटीसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेचा? एका कामात मी नुसतं ७५० लिहिलं. गवंड्याने गाळा ७५० चा ठेवला, त्यातून ६५-६५ ची चौकट गेली. मालकाचं वॉशिंग मशीन आजही बाथरूमच्या बाहेर आहे.

ओळंबा:
मी ठेकेदार. झिरीचंही, म्हणजे पाइपसाठी भिंतीत कोरायच्या खाचेचं, लिहून घ्या. उभी झिरी जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नाही, आडवी एक षष्ठांशापेक्षा नाही. १०० च्या भिंतीत आडवा पाइप न्यायचाच नाही, हे इलेक्ट्रिशियनच्या ड्रॉइंगवरही हवं, कारण तो आमचं बघत नाही. कॉलम-भिंतीच्या सांध्यावर जाळी दोन्ही बाजूंना १५०-१५०. सिलची उंची स्लॅबपासून की फ्लोअरिंगपासून, तेही स्पष्ट.

आणि थरांच्या कागदावर मिमीखाली इंच-सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लिहा. ऑफिस काहीही म्हणो, दोरी सुतातच लागते.

साईटवाला_नाशिक:
ट्रेसरकाका, रात्री बसून मांडलं. तळाला २०, चार थर, ९० ची पट्टी, सहा थर, ९० ची पट्टी, वर एक थर. अकरा ब्लॉक, दहा सांधे, एकूण २४३०. वर २० मोकळे, एकही ब्लॉक कापायचा नाही!

फक्त लिंटेलचा तळ २१३७ ला येतो. फ्लोअरिंग ५० वजा केलं की दरवाजाला उरतात २०८७ आणि चौकट २१०० ची. कागद मिस्त्रीला दाखवला. त्याने टेप लावला आणि म्हणाला, "चार सूत होय! सुताराला आजच फोन करा, चौकटी अजून रंध्याखाली असतील."

जुना_ट्रेसर:
कर आधी फोन. आणि २०८७ नको सांगूस, दोन मिमी हाताला ठेवून २०८५ सांग.