'रेपुब्लिक': पाळतीच्या कॅमेऱ्यांतून दिसणारा तुरुंग

प्रश्न (सायंतारा):
कॅमुफ्लाज या सिअॅटलच्या स्टुडिओचा 'रेपुब्लिक' हा पाच भागांचा खेळ मी नुकताच संगणकावर सुरू केला असून त्याचे दोन भाग पूर्ण झाले आहेत. मेटामॉर्फोसिस नावाच्या बंदिस्त वास्तूत वाढलेली होप ही मुलगी फोनवरून आपल्याकडे मदत मागते आणि आपण तिथल्याच पाळतीच्या कॅमेऱ्यांत शिरून तिला वाट दाखवतो, ही कल्पना मला मनापासून आवडली. मात्र त्याच त्या दालनांतून पुन्हा पुन्हा फिरताना उत्साह ओसरू लागला आहे. ज्यांनी हा खेळ शेवटपर्यंत खेळला आहे त्यांना त्याची बलस्थाने आणि उणिवा कोणत्या वाटतात?

प्रतिसाद (दीपस्तंभ):
मी हा खेळ प्रथम आयपॅडवर खेळलो आणि त्याचे खरे बळ मला तिथेच उमगले. पडद्यावर बोट ठेवून कॅमेरा निवडणे, दार उघडणे, पहारेकऱ्याच्या पारपत्रावरून त्याची माहिती चाळणे, ही सगळी कामे आपण होप म्हणून करत नाही, तर तिच्यावर नजर ठेवणारे कोणीतरी म्हणून करतो. ज्या यंत्रणेने तिला कोंडले आहे तिचाच डोळा उसना घेऊन तिला सोडवायचे, आणि ते करताना इतरांचे खासगी ईमेल वाचून ती माहिती विकायची व त्या पैशांतून नवी कौशल्ये घ्यायची, ही अस्वस्थता खेळाच्या रचनेतच मुरलेली आहे. 2012 साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साडेपाच लाख डॉलरांहून अधिक निधी जमवून हा खेळ आकाराला येत होता, तेव्हा अमेरिकी सरकारच्या पाळतीविषयीचे एडवर्ड स्नोडेन यांचे गौप्यस्फोट व्हायचे होते. डिसेंबर 2013 मध्ये पहिला भाग आला तोवर पाळत हा घराघरांतल्या चर्चेचा विषय झाला होता.

संगणकाच्या आवृत्तीत होपला थेट चालवता येते. ते सोयीचे आहे, पण त्यामुळे आपण तिच्यापासून दूर, कॅमेऱ्यामागे बसलो आहोत ही जाणीव पातळ होते. शिवाय कॅमेरा बदलला की दिशाही बदलतात, आणि ऐन पळापळीत होप नेमकी पहारेकऱ्याच्या अंगावर जाते.

प्रतिसाद (वाटसरू):
कल्पनेबद्दल सहमत आहे, परंतु तुरुंगाची गोष्ट म्हणून माझा आक्षेप मूलभूत आहे. तुरुंगाची भीती पकडले जाण्याच्या परिणामातून येते. इथे होप सापडली तर पहारेकरी तिला जवळच्या कोठडीत नेऊन सोडतो, जवळचे साहित्य काढून घेतो, आणि थोड्याच वेळात आपण पुन्हा बाहेर असतो. प्रिझ्राक म्हणवले जाणारे हे पहारेकरी ठरलेल्या वाटांवरून फिरतात, त्यामुळे दुसऱ्या भागानंतर त्यांची धास्ती उरत नाही. तुमचा उत्साह त्यामुळेच ओसरला असावा.

याउलट, भिंतींआडचे जग फार बारकाईने रचले आहे. जप्त केलेली पुस्तके सापडली की त्यांवर मेटामॉर्फोसिसचा प्रमुख ट्रेग्लाझोव्ह याचे भाष्य ऐकू येते, आणि कैदेचे समर्थन एखादा सुसंस्कृत माणूस किती शांतपणे करू शकतो हे त्यातून कळते. ते भाष्य वगळून पुढे जाऊ नका.

प्रतिसाद (कातळशिल्प):
माझी तक्रार भागांच्या मांडणीविषयी आहे. पहिला भाग 2013 च्या अखेरीस आणि पाचवा मार्च 2016 मध्ये आला. सुटकेच्या गोष्टीत ताण टिकावा लागतो. सव्वादोन वर्षांत तो माझ्यापुरता टिकला नाही. आता पाचही भाग सलग उपलब्ध असल्याने तुम्हाला ही अडचण येणार नाही. चौथ्या भागाची चाल मात्र आधीच्या तिन्हींपेक्षा वेगळी आहे. त्यात लपतछपत जाण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. अनेकांना तो बदल रुचला नाही, मला मात्र त्या संथपणात होपचा एकटेपणा प्रथमच जाणवला.

याच स्टुडिओने 2024 मध्ये 'बॅटमॅन: आर्कम शॅडो' हा आभासी वास्तवातला खेळ केला, ज्यात नायक ब्लॅकगेट तुरुंगात वेशांतर करून शिरतो. कैदेचा विषय त्यांनी सोडलेला नाही, हे पाहून बरे वाटले.

सायंतारा:
सर्वांचे आभार. उरलेले तीन भाग आता आयपॅडवरच खेळेन, आणि सापडलेले प्रत्येक पुस्तक थांबून ऐकेन.