चार वर्षांच्या मुलीला घरी तिच्या कलाने शिकू द्यावे का?

प्रश्न (पारोळा तालुका)
आमची मुलगी येत्या आषाढात चार वर्षांची होईल. तिला दोन महिने एका बालवर्गात घातले होते. परंतु रोज पानभर 'अ' गिरवून आणण्याचा गृहपाठ आणि त्यापायी होणारी रडारड पाहून आम्ही तिला घरीच ठेवले. आता तिचा दिवस आजीच्या मागे-मागे जातो. परवा कळण्याच्या भाकरीच्या पिठासाठी चार वाट्या ज्वारी आणि एक वाटी उडीद मोजण्याचे काम तिने आजीच्या हातून काढून घेतले, सूप कलंडवले आणि मग अर्धा तास सांडलेल्या ज्वारीतून एकेक उडीद निवडत बसली. याला शिक्षण म्हणावे का? शिवाय आजी तिच्याशी अहिराणीतच बोलते, त्यामुळे पुढे शाळेत तिचे अडेल, असे नातेवाइकांना वाटते.

उत्तर (जळगाव, निवृत्त बालवाडी शिक्षिका)
ताई, उडीद निवडताना चिमटीला जे वळण लागते, तेच पुढे पेन्सिल धरताना कामी येते. बोटे तयार होण्याआधी गिरवून घेतलेला 'अ' मात्र केवळ हात दुखवतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंवरच भर दिला होता. मात्र मुलाच्या कलाने घेणे म्हणजे त्याला वाऱ्यावर सोडणे नव्हे. उद्या सुपाजवळ लहान-मोठ्या दोन वाट्या ठेवा आणि गप्प बसा. चार वाट्या मोजूनही ढीग लहान का झाला, हा प्रश्न तिच्याच तोंडून यायला हवा, मग त्याला आठवडा लागला तरी चालेल. गप्प बसणे हेच यातील सर्वांत अवघड काम आहे, हे मी अनुभवाने सांगते.

उत्तर (धुळे)
माझे मत थोडे वेगळे आहे. आम्ही मुलाला पूर्णपणे त्याच्या कलाने वाढवले. त्याला ट्रॅक्टरचा प्रत्येक भाग ओळखता येई, पण दुसऱ्या मुलाच्या हातातील वस्तूसाठी थांबणे त्याला ठाऊकच नव्हते, आणि पहिलीचे पहिले काही महिने त्यातच गेले. ही चूक आमचीच होती. आपल्या गावातील अंगणवाडीत तिला रोज दोन तास तरी पाठवावे.

उत्तर (अमळनेर)
२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ हे वय पायाभूत टप्प्याचे मानले असून त्यात खेळातून शिकण्यावर आणि घरच्या भाषेवर भर दिला आहे, म्हणून अहिराणीची धास्ती सोडावी. आजीने सुपातला दाणा उचलून 'हाई काय शे?' विचारावे, आपण तेच मराठीत विचारावे. मूल दोन्ही भाषा वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगते.

मूळ प्रश्नकर्ती
आभारी आहे. दोन वाट्या ठेवल्या. तिने लहान वाटी मोठीत घालून पाहिली आणि पुन्हा उडीदच निवडायला बसली. मी काही बोलले नाही. आजींना मात्र राहवले नाही.