जुना मेकॅनिकल कीबोर्ड उघडलाय का कधी? अनुभव लिहा

सेकंडहँड मेकॅनिकल कीबोर्ड घेऊन तो उघडणारे, धुणारे, पुन्हा चालता करणारे इथे बरेच असतील असा अंदाज आहे. यशोगाथाच हव्यात असं नाही. वाट लावली असेल तर तेही लिहा, किंबहुना तेच आधी लिहा. सुरुवात मी करतो.

माझ्याकडे आलेला कीबोर्ड ब्राउन स्विचचा (प्रत्येक कळेखाली एक वेगळा स्विच असतो, ब्राउन हा त्यातला एक प्रकार). दिसायला बरा, फक्त 'ए' एकदा दाबला की कधीकधी दोनदा उमटायचा. मी मराठी फोनेटिकने लिहितो, तिथे दोन 'ए' म्हणजे थेट काना! 'मन'चं 'मान', 'घर'चं 'घार', आणि कामाच्या मेलमध्ये 'फाइल वर टाकली आहे' हे 'फाइल वार टाकली आहे' होऊन गेलं. सगळे शब्द खरे, त्यामुळे वाचून पाहतानाही चूक निसटते.

याला चॅटर म्हणतात. स्विचमधल्या धातूच्या पट्ट्यांवर घाण किंवा गंज बसला की त्या नीट टेकत नाहीत, टेकतात-सुटतात-टेकतात, आणि कीबोर्डला ते दोन वेगळे दाब वाटतात. केबल काढून 99 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन थेंब आत सोडलं, पन्नासेक वेळा कळ दाबली. दोन आठवडे स्वर्ग, मग पुन्हा 'मान'. शेवटी स्क्रोल लॉकचा स्विच काढून 'ए'ला लावला आणि 'ए'चा तिकडे. आता स्क्रोल लॉक दोनदा उमटला तरी चालू होऊन बंद होणार, कुणाला कळतंय!

टिकटिक

'स्विच काढला' इतकं सहज लिहू नका हो, नवखे फसतात. मी फसले. जुनं सोल्डर वितळेना, म्हणून आयर्नचं टोक दाबून धरून बसले. थोडं सैल वाटलं तशी वरून ओढला. टक्. स्विच हातात आला, आणि त्याच्या पायाला तांब्याची एक गोल टिकली चिकटून आली. अगदी कपाळाला लावतो तेवढी, किंवा त्याहून लहान. मला वाटलं सोल्डरचाच कण असेल, झटकून टाकली. ते पीसीबीचं, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डाचं पॅड होतं, जिथे स्विचचा पाय सोल्डर होतो!

मग काय, ट्रॅक कुठे जातो ते उजेडात धरून शोधलं, पुढच्या टाक्यापाशी हिरवा थर ब्लेडने खरवडला आणि तिथून स्विचच्या पायापर्यंत बारीक तार जोडली. मल्टिमीटरने बीप दिला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. अजून चालतो.

आता आधी जुन्या टाक्यावर थोडं नवं सोल्डर चढवते. शिसंवालं 63/37, ते 183 अंशांना वितळतं आणि जुन्यालाही सोबत घेतं. मग सकरने वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचं. पाय चिमट्याने हलवून बघायचा, सुटा हलला तरच ओढायचा. एलईडी असेल तर दोनाऐवजी चार पाय, हे विसरू नका.

अर्धवट

मी फक्त कीकॅप धुतल्या. कढत पाण्यात. स्पेसबारचं केळं झालं.

लोखंडी

आयबीएमचा मॉडेल एम, मागच्या लेबलवर तारीख 1989ची. दोन किलोंच्या वर वजन. हलवला की आत खुळखुळ्यासारखा आवाज. हे मॉडेल 1985 सालचं, बकलिंग स्प्रिंगचं: कळ दाबली की स्प्रिंग वाकते आणि तिच्या तळाचा चिमुकला प्लास्टिकचा हॅमर आपटतो. आतली लोखंडी पाटी आणि वरचा प्लास्टिकचा सांगाडा यांना प्लास्टिकचेच रिव्हेट धरून ठेवतात. इतक्या वर्षांत ते ठिसूळ होणारच. त्यांची डोकी तुटून आत फिरतात, पाटी सैल पडते आणि कळांचा तो खणखणीत आवाज बसका होतो.

उघडायलाच अर्धा दिवस. स्क्रू खोल भोकात, साडेपाच मिलिमीटरचा लांब नट ड्रायव्हर लागतो. उरलेली डोकी छिन्नीने उडवली, दीड मिलिमीटरची भोकं पाडली, एम-2 चे नटबोल्ट बसवले. हे सगळं सांगाडा पालथा ठेवून करायचं. मी कौतुकाने उलटा करून दाखवायला गेलो आणि स्प्रिंगसकट सगळे हॅमर मुरमुऱ्यासारखे फरशीवर. एकेक वेचून परत लावला, पाटी आवळली, कीकॅप घातल्या. पाच मिनिटांनी टेबलाखाली आणखी एक हॅमर सापडला.

उन्हात_वाळत

माझा प्रश्न पिवळेपणाचा. बाकी कळा पीबीटी प्लास्टिकच्या, तशाच राहिल्या. स्पेसबार एबीएस प्लास्टिकचा, तो एकटाच हळदीसारखा पिवळा. 12 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची केस रंगवायची क्रीम लावून उन्हात ठेवला. हातमोजे घाला, त्वचा पांढरी पडून चुरचुरते. क्रीम जिथे वाळली तिथे पट्टे उमटले. दुसऱ्यांदा प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून, दर अर्ध्या तासाने फिरवत राहिलो, तेव्हा एकसारखा झाला. वर्षभरात पिवळा परत डोकावतोय. खरं सांगायचं तर आधीच बरा दिसत होता.

पाचवी_ओळ

सलग पाच कळा बंद होत्या म्हणून मी पाचही स्विच बदलले. तरी बंदच! कळा आडव्या-उभ्या जाळीत जोडलेल्या असतात, एवढ्या एकदम गेल्या तर दोष सामाईक वाटेवर शोधायचा, हे नंतर वाचलं. स्क्रूच्या भोकाशी ट्रॅकला केसाएवढी चीर होती. एक तार, दोन टाके. ते पाच जुने स्विच ठणठणीत आहेत, कुणाला हवेत?

धागाकर्ता

मला हवेत, दोन तरी. आणि लोखंडी, तो टेबलाखालचा हॅमर कुठल्या कळेचा निघाला?

लोखंडी

पॉजच्या. सगळे नट पुन्हा सोडवायची हिंमत नव्हती. कळ बसवलीये, दाबली की नुसती आत जाते.