चार बटणे आणि एकच ओळखीचे नाव: महापालिकेला मत देताना आपल्याला काय ठाऊक असावे?

मुठाकाठ (धागाकर्ता):
आमच्या प्रभागात चार जागा, म्हणून प्रत्येकाला चार मते. १५ जानेवारी २०२६ रोजी पुणे महापालिकेसाठी मतदान करताना मी पहिले बटण विचार करून दाबले, दुसरे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून आणि उरलेली दोन निव्वळ चिन्ह पाहून. खोटे कशाला सांगू, त्या दोघांची नावे केंद्राबाहेर येईपर्यंत मी विसरलो होतो. मार्च २०२२ पासून महापालिकेवर प्रशासक होता आणि जवळजवळ चार वर्षे आम्ही ‘गाऱ्हाणे घालायचे कोणापुढे?’ म्हणून चडफडत होतो. एवढी वाट पाहून संधी आली, तेव्हा माझी तयारी ही अशी.

ज्या महापालिकेचे वार्षिक अंदाजपत्रक साडेबारा हजार कोटींच्या वर गेले आहे, तिथे स्थायी समितीचे सोळा सदस्य कोणत्या निविदा मंजूर करतात, यावर आपला रस्ता आणि आपले सांडपाणी अवलंबून असते. उमेदवाराचे गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण शपथपत्रात असते. माजी नगरसेवकाची मुख्यसभेतील (सर्व नगरसेवकांच्या सभेतील) हजेरी आणि त्याने विचारलेले प्रश्न माहिती अधिकारात मागता येतात. एवढे पाहायलाही ज्याला सवड झाली नाही, त्याने त्या जागेपुरते ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण दाबावे, असे माझे मत आहे. राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार या पर्यायाला सर्वाधिक मते पडल्यास त्या जागेची निवडणूक पुन्हा घ्यावी लागते, म्हणजे ते मत अगदीच वाया जात नाही.

पाणीपट्टी:
आपला सल्ला मला मुळातच मान्य नाही. शपथपत्र वाचणे म्हणजे माहिती, ही व्याख्या ज्यांच्या नळाला वेळेवर पाणी येते त्यांची आहे. आमच्या वस्तीतील बायकांना कोणता नगरसेवक टँकर पाठवतो, कोणाचा माणूस पैसे मागतो आणि रात्री दोन वाजता कोण फोन उचलतो, हे तोंडपाठ असते. त्यांनी शपथपत्र उघडले नाही म्हणून त्या अजाण ठरत नाहीत. राज्यघटनेने प्रौढ मताधिकार देताना अभ्यासाची अट घातलेली नाही.

चिन्ह पाहून मत देणे हाही अडाणीपणा नव्हे. १९८६ च्या राज्य कायद्याने नगरसेवकालाही पक्षांतरबंदी लागू आहे. सभागृहात पक्षादेश मोडला तर पद जाऊ शकते, मग उमेदवारापेक्षा पक्ष पाहणे व्यवहाराला धरूनच आहे. आपल्यासारख्यांनी नकाराचे बटण दाबले, तर ज्याच्या खिशात एकगठ्ठा मते आहेत त्याचेच फावते.

मुठाकाठ:
वस्तीबद्दलचे म्हणणे मान्य, माझे वाक्य तिथे उद्धटच झाले. मात्र पक्षादेश हात वर करताना लागू होतो. प्रभागातील दवाखान्यात डॉक्टर का नाही, हा प्रश्न विचारावा की नाही, यासाठी कोणी पक्षादेश काढत नाही. रात्री दोन वाजता फोन उचलून रुग्णासाठी गाडी पाठवणारा नगरसेवक उपकारकर्ता वाटतो, पण दवाखाना नीट चालला असता तर ती गाडी लागली नसती, हा हिशेब कोणी मांडायचा?

अबकड:
दोघेही मतदारालाच धरून बसला आहात. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकाचा एकच नगरसेवक. पुण्यात ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. २०११ च्या जनगणनेचा आधार घेतला तरी पुण्यातील एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून अधिक माणसे येतात. चार जागांचे पंधरा-वीस उमेदवार अभ्यासणे नोकरी करणाऱ्या माणसाला कसे जमावे? निवडून आल्यावर तर तुंबलेल्या गटारासाठी ‘अ’ जागेच्या नगरसेवकाने ‘ब’कडे बोट दाखवायचे आणि ‘ब’ने ‘क’कडे. बरे, ही रचनाही स्थिर नाही: पुण्यात २०१२ साली दोन सदस्यांचा प्रभाग होता, २०१७ साली चारांचा झाला. माहितगार मतदार हवा असेल तर आधी एका प्रभागाला एकच नगरसेवक द्या.

शिवारातून:
एक वॉर्ड, एक सदस्य करूनही सारे सुटेल असे नाही. ग्रामपंचायतीत पक्षचिन्ह नसते, वॉर्ड लहान असतो आणि उमेदवाराच्या तीन पिढ्या गावाला ठाऊक असतात. तरीही जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातील खोंडामळी येथे पदांसाठी बोली लागल्याचे उघड झाले आणि आयोगाला दोन्ही निवडणुका रद्द कराव्या लागल्या. तिथे माहिती कमी नव्हती. माहीत असूनही उघड विरोधात जाण्याची सोय नव्हती, कारण दुसऱ्या दिवशी त्याच बांधावर भेटायचे असते.

मुठाकाठ:
या उदाहरणाने माझ्या मांडणीला धक्का बसला, हे कबूल. तरी तो प्रकार गावाबाहेर कळला म्हणूनच आयोगाला हात घालता आला, एवढे माझ्या पदरात टाका. नकाराच्या बटणाचा आग्रह मी सोडतो. वर्ष झाले की आमच्या प्रभागातील चौघांची मुख्यसभेतील हजेरी मागणारा अर्ज मात्र टाकणार आहे.

पाणीपट्टी:
अवश्य टाका. फक्त अर्ज लिहिण्याआधी त्यांपैकी दोघांची नावे कोणाला तरी विचारून घ्या.