सिस्ले: इम्प्रेशनिस्टांमधला पहिला निसर्गचित्रकार, की मोनेच्या मागे चालणारा?

वेताळटेकडी (धागाकर्ता):
मोनेचा विषय निघाला की सगळे तुटून पडतात. सिस्लेचं नाव घेतलं की "हो, तोही होता त्यांच्यात" एवढ्यावर बोळवण. म्हणून मुद्दाम ठासून लिहितोय: निव्वळ निसर्गचित्र हा निकष लावला तर इम्प्रेशनिस्टांमध्ये (एकोणिसाव्या शतकातला फ्रान्समधला तो क्षणाचा प्रकाश टिपणारा चित्रकारांचा गट) आल्फ्रेड सिस्ले पहिला. मोने नाही, पिसारोही नाही.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी: जन्म पॅरिसचा, १८३९. आईवडील इंग्रज, वडिलांचा रेशमी मालाचा व्यापार. मुलाने धंदा शिकावा म्हणून अठराव्या वर्षी लंडनला धाडलं, तर तिथे हा टर्नर आणि कॉन्स्टेबल या इंग्रज निसर्गचित्रकारांची चित्रं बघत बसला. परत येऊन १८६२ मध्ये ग्लेअरच्या चित्रशाळेत दाखल. मोने, रन्वार, बाझील हे दोस्त तिथलेच. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात वडिलांचा धंदा बसला आणि तोवर हौसेने रंगवणाऱ्या या माणसाला चित्रांवर पोट भरायची वेळ आली. ते कधीच नीट भरलं नाही. जानेवारी १८९९ मध्ये मोरे-स्युर-ल्वँ या गावी घशाच्या कर्करोगाने गेला. मागे उरली सुमारे ९०० तैलचित्रं, जवळपास सगळी निसर्गचित्रं.

आता 'पोर-मार्लीचा पूर' (१८७६) बघा. सीन नदी गावात शिरली आहे, कोपऱ्यावरचं वाइनचं दुकान पाण्यात उभं आहे, होड्या रस्त्यावरून चालल्या आहेत. पूर म्हटला की आपण हाहाकार शोधतो. इथे कुणी ओरडत नाही, कुणी बुडत नाही. वर भलंमोठं ढगाळ आकाश आणि खाली तेच आकाश पाण्यात मोडून पडलेलं. समीक्षक तावेर्निएला लिहिलेल्या पत्रात सिस्ले म्हणतो की मी चित्राची सुरुवात नेहमी आकाशापासून करतो. हे चित्र पाहिलं की ते पटतं.

हेच चित्र १८० फ्रँकला गेलं होतं. सिस्ले गेल्यावर वर्षभरात, १९०० च्या लिलावात, चित्रसंग्राहक काउंट कामोंदोने त्याला ४३,००० फ्रँक मोजले. डोळे उघडायला माणूस मरावा लागला.

खडूचा तुकडा:
माहिती छान, निष्कर्ष अजिबात मान्य नाही.

लिलावाचा आकडा कशाचा पुरावा? चित्रकार गेला की नवीन माल येणं थांबतं आणि भाव चढतात. त्यात गरिबी, आजारपण, उपेक्षा अशी कहाणी असेल तर आणखी चढतात. कहाणी बाजूला ठेवून फक्त चित्रं बघू.

सिस्लेचं १८७४ हे वर्ष घ्या. फोर नावाच्या ऑपेरा गायकाच्या खर्चाने तो इंग्लंडला गेला, हॅम्प्टन कोर्ट आणि मोल्सीच्या बंधाऱ्याची चित्रं केली. ती अप्रतिम आहेत, वाद नाही. पण पुढे काय? नदी, पूल, पॉप्लरची झाडं, बर्फातला रस्ता. पुन्हा नदी, पूल, पॉप्लर. १८७७ मध्ये मोने सँ-लाझार स्टेशनात जाऊन इंजिनाचा धूर रंगवत होता. पिसारो पन्नाशीच्या पुढे ठिपक्यांचं तंत्र शिकत होता, फसलं तर सोडून देत होता. सिस्लेने काय पणाला लावलं? मोनेने १८९२ ला रुआँचं कॅथेड्रल हाती घेतलं आणि १८९३ ला सिस्लेला मोरेचं चर्च सुचलं. हा योगायोग म्हणायचा का?

आणि १८८० नंतरचे रंग बघा. आधीचा तो हलका हात जातो, थर जाड होतात, काही ठिकाणी चक्क भडक.

भीमथडी:
अवांतर: मोरेजवळच्या पॉप्लरच्या रस्त्याचं त्याचं १८९० चं एक चित्र तीन वेळा चोरीला गेलंय. शेवटचं २००७ मध्ये, नीसच्या म्युझियममधून. पुढच्या वर्षी सापडलं. समीक्षक काही म्हणोत, चोरांचं मत एकदम ठाम आहे.

रंगपेटी:
खडूचा तुकडा, चर्चचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं, कारण तोच तुमच्या विरोधात जातो. दोन्ही मालिका शेजारी ठेवून बघा. मोनेने कॅथेड्रलच्या समोर खोल्या घेतल्या आणि दर्शनी भिंत चौकटभर भरली. आजूबाजूचं शहर जवळजवळ गायब. त्याला दगडावरचा प्रकाश हवा होता, त्या जागी कॅथेड्रलऐवजी दुसरं काही असतं तरी चाललं असतं. सिस्ले कोपऱ्यातून बघतो. चर्च तिरकं दिसतं, त्याला वजन आहे, पायथ्याशी रस्ता आहे, माणसं आहेत, पाऊस पडून गेलाय की ऊन तापलंय ते कळतं. कल्पना मोनेकडून घेतली असेलही. उत्तर मात्र त्याचं स्वतःचं आहे.

मी स्वतः बाहेर बसून काम करते म्हणून सांगते, तेच ते पूल परत रंगवणं म्हणजे आळस नव्हे. जागा पाठ झाली की मगच हवा दिसायला लागते. पहिल्या भेटीत आपण पूलच रंगवत असतो.

खडूचा तुकडा:
ताई, हे तंत्र म्हणून पटतं. पण मग मोनेच्या गवताच्या गंजी काय होत्या? तोही एकाच शेतात बसला होता. फरक असा की त्याने त्या पुनरावृत्तीलाच विषय केलं आणि १८९१ ला पंधरा गंजी एकत्र टांगून दाखवल्या. सिस्लेची पुनरावृत्ती सवयीची वाटते.

दोन आणे:
कला तुम्ही बघा, मी हिशेब मांडतो. या मंडळींची चित्रं विकणारा दलाल ड्युराँ-रुएल. त्याच्या मागे पैसा होता युनियाँ जेनेराल बँकेशी जोडलेला, आणि ती बँक १८८२ मध्ये बुडाली. फटका सगळ्यांना बसला. मग १८८६ ला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनानंतर अमेरिकन गिऱ्हाईक आलं. मोने वर आला, १८९० ला जिव्हेर्नीचं घर विकत घेतलं. सिस्ले तिथेच राहिला. धाडस करायला पुढच्या महिन्याचं भाडं खिशात लागतं.

दुसरं म्हणजे वय. सिस्ले ५९ व्या वर्षी गेला, मोने ८६ व्या. मोने १८९९ लाच गेला असता तर कमळांच्या त्या भिंतभर चित्रांशिवाय आपण त्याला मोजलं असतं. तुलना करायची तर दोघांनाही १८९९ ला थांबवा.

खडूचा तुकडा:
थांबवलं. मोनेचं सँ-लाझार, गंजी, त्याची पॉप्लरची मालिका, कॅथेड्रल, सगळं १८९९ च्या आतलं आहे. आणि भाड्याचं म्हणाल तर मोनेही १८६० आणि ७० च्या दशकांत मित्रांना पैशासाठी गयावया करणारी पत्रं लिहीत होता. उपाशी पोटीच त्याने उड्या मारल्या.

गवती चहा:
आपल्याकडे आबालाल रहिमान यांनीही कोल्हापुरात कोटितीर्थाच्या परिसराची चित्रं पुन्हापुन्हा केली. त्यांना कुणी "मोनेसारखं काही नवीन करा" म्हटलं नाही ते बरंच.

वेताळटेकडी:
आबालाल यांच्यावर वेगळा धागा काढा, तिथे येतोच. इथे सिस्ले.

तरुण चित्रकार मातिसने पिसारोला विचारलं होतं की अस्सल इम्प्रेशनिस्ट कोण, आणि पिसारोने सिस्लेचं नाव घेतलं. आणि सिस्ले गेल्यावर त्याच्या मुलांसाठी मित्रांची चित्रं गोळा करून लिलाव कुणी घडवून आणला? मोनेनेच. बरोबरीच्या माणसांना त्याची पायरी माहीत होती.

खडूचा तुकडा:
लिलाव ही मैत्री झाली, मूल्यमापन नव्हे. आणि पिसारोचं उत्तर मी उलटं वाचतो: सिस्ले नमुनेदार होता. नमुनेदार माणूस सहसा पुढे जात नाही.

कार्डिफकर:
इतका वेळ नुसता वाचत होतो. सिस्ले कधी बदललाच नाही असं म्हणणाऱ्यांनी वेल्सची चित्रं बघावीत. १८९७ च्या सुरुवातीला पॅरिसमध्ये ज्यॉर्ज पेतीच्या दालनात त्याचं मोठं प्रदर्शन झालं, दीडशेच्या आसपास कामं, आणि कुणी फारशी दखल घेतली नाही. त्याच उन्हाळ्यात तो इकडे आला. आधी पेनार्थ, मग लँगलंड बे, दोन्ही समुद्रकाठी. मधे कार्डिफमध्ये लग्न केलं, जिच्याबरोबर तीसेक वर्षं संसार केला होता त्या युजेनीशीच. पुढच्या वर्षी ती गेली, आणि काही महिन्यांत हाही.

लँगलंडची चित्रं नदीकाठच्या सिस्लेची वाटतच नाहीत. 'स्टॉर रॉक' मध्ये एक मोठा खडक अंगावर येतो आणि लाटा त्यावर आपटतात. हे इथल्या नॅशनल म्युझियमच्या संग्रहात आहे. तब्येत खालावलेला माणूस विषय, अंतर आणि मांडणी एकदम बदलतो. आणखी काय धाडस करायचं?

रंगपेटी:
+१. तो खडक म्हणजे त्याचं कॅथेड्रल.

खडूचा तुकडा:
कार्डिफकर, धन्यवाद, या धाग्यातला हा पहिला मुद्दा ज्यावर मला विचार करावा लागला. स्टॉर रॉक खरंच वेगळं आहे. पण मग माझा आक्षेप आणखी पक्का होतो. मोने लहानपणापासून नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरचा, समुद्रकिनारे रंगवणारा बूदँ तिथेच काम करत होता, पॅरिसहून तिकडे रेल्वे जात होती. सिस्लेच्या अंगात हा खडक होता तर त्याने आधीची पंचवीस वर्षं पूल का रंगवले?